विहिरीपासून पाचशे मीटर

उभ्या आयुष्यात मी कुठल्याही सौद्यात पहिला आकडा खरा सांगितला नाही. यात लबाडी काही नाही. आमच्याकडे बैल घ्या, कडबा घ्या, नाहीतर विटांचा ट्रक घ्या. विकणारा चढून बोलतो, घेणारा पडून बोलतो आणि दोघं अर्ध्या वाटेवर भेटतात. पहिल्याच बोलीला समोरचा 'बरं' म्हणाला तर सांगणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. म्हणून शहाणा माणूस मनातल्या आकड्याच्या दुप्पट सांगून ठेवतो, आणि समोरच्यालाही ते ठाऊक असतं. एवढी साधी रीत एका शिकल्या-सवरल्या अधिकाऱ्याला ठाऊक नव्हती. त्यापायी माझी चौदा वर्षांची भट्टी उठली.

वालूरहून दोन-अडीच कोसांवर, नदीकाठी आमचं गाव. बाप दुसऱ्याच्या वीटभट्टीवर विटा वाहायचा, मीही वाहिल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर विटा. पुढं विटा थापायला लागलो, मग भट्टी रचायला शिकलो आणि एका उन्हाळ्यात स्वतःची लहानशी भट्टी लावली. जागा गावातल्या मोठ्या जमीनदाराची. सगळे त्याला मालक म्हणायचे, मीही म्हणायचो. नदीकाठच्या त्याच्या रानात पुरानं आणून टाकलेली मऊ माती पुरुषभर खोल होती, पण दर दोन-तीन वर्षांनी तोच पूर उभं पीक घेऊन जायचा. म्हणून ते रान त्यानं मला दिलं. कागद केला नाही. जबानीवर दिलं आणि जबानीवर चाललं.

दिवाळी झाली की मालक भट्टीवर येऊन बसायचा. माती किती दिवस भिजवता, कोळशाचा चुरा कुठल्या थराला टाकता, आग किती दिवस ठेवता, सगळं विचारायचा. मी सांगायचो. माझ्याकडे चहा पीत पीत त्यानं माझी सगळी हिकमत शिकून घेतली. आणि एका सकाळी पाहतो तर गाव आणि माझी भट्टी यांच्या मधल्या त्याच्या रानात चार खुंट्या ठोकलेल्या, खुंट्यांना सुतळी बांधलेली.

मी तसाच चालत गेलो. हातात कच्ची वीट होती, तीही खाली ठेवली नाही.

"मालक, हे काय मांडलंय?"

"भट्टी लावावी म्हणतोय. रान माझं, माती माझी. तुमची बी चालू द्या की."

"एका गावात दोन भट्ट्या?"

"एका गावात दोन देवळं चालत्यात, भट्ट्या न्हाई चालत व्हय?"

"माझ्याजवळ बसून शिकलाव आन् माझ्याच छातीवर..."

"आवाज खाली, शेठ," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्या बापानं माझ्या बापाच्या गोठ्याला विटा वाहिल्यात डोक्यावर. अजून गोठा उभा हाय. येऊन बघा कवातरी."

ती वीट मी त्याच्या पायाजवळ आपटली. कच्ची होती, चिखलासारखी पसरली. त्याच्या धोतरावर शिंतोडे उडाले. त्यानं ते झटकलेही नाहीत. हसला फक्त. त्या हसण्याची आठवण आली की आजही माझे कान तापतात.

त्याच आठवड्यात चावडीवर एक कागद लागला. राज्य सरकार पिण्याच्या पाण्याच्या विहिरी आणि नदीकाठची माती राखण्यासाठी नवे नियम करत होतं. विहिरीपासून ठरावीक अंतराच्या आत माती खणायची नाही, भट्टी लावायची नाही, आणि आधीची असेल तर तीही उठवायची. मसुद्यात ते अंतर शंभर मीटर धरलं होतं. पण गावोगावी लोकांचं म्हणणं ऐकून प्रत्येक विहिरीपुढं जो आकडा ठरेल तोच जिल्ह्याच्या यादीत छापला जाणार होता. हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. सुनावणीला अधिकारी आमच्याच गावात येणार होते.

गावात तो कागद कुणी वाचला नाही. मी उभ्याउभ्या दोनदा वाचला. मग घरून टेप आणली आणि भर दुपारी, रस्त्यावर कुणी नसताना, विहिरीपासून मोजत निघालो. विहीर होती बौद्धवस्तीच्या कडेला. सरकारनं खोदलेली. आठ महिने फक्त वस्तीचे लोक तिचं पाणी प्यायचे, आणि उन्हाळ्यात गावातली विहीर आटली की सगळं गाव तिच्यावर यायचं. विहिरीपासून मालकाच्या खुंट्या भरल्या दीडशे मीटर. माझी भट्टी अडीचशे.

म्हणजे शंभरचा नियम झाला तर दोघंही वाचत होतो. आणि दोनशेचा झाला तर मालक बाद, मी शाबूत. उद्या त्यानं मला त्याच्या रानातून उठवायचं म्हटलं असतं, तर शेजारच्या शेतकऱ्याचा बांध लागूनच होता. त्याच्याशी माझं बोलणं झालेलं होतं. मालकाला मात्र पुढं सरकायला जागाच नव्हती. त्याचं रान माझ्या भट्टीपाशी संपत होतं, आणि तिथली माती मी चौदा वर्षांत खणून संपवत आणली होती. आयुष्यात इतका सुरेख आकडा माझ्या हाती कधी आला नव्हता. दोनशे. दोन रात्री मी त्याच आकड्यावर झोपलो. खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत विहिरीतल्या पाण्याचा विचार मी एकदाही केला नाही.

सुनावणी शाळेच्या ओसरीत होती. ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावावरून गावागावात माणसं एकमेकांना जोखून बघायची. चार जण जमणार म्हटलं की तालुक्याहून दोन पोलीस यायचे. तसे इथंही आले होते. ओसरीच्या एका बाजूला वस्तीतले लोक, दुसऱ्या बाजूला गावातले, मध्ये माणूस झोपेल एवढी मोकळी जागा. कुणी मोठ्यानं खोकला तरी माना वळायच्या.

अधिकारी तरुण होता, चष्मेवाला. सगळ्यांना 'आपण' म्हणायचा. मसुदा त्यानं नीट समजावून सांगितला आणि म्हणाला, "आता आपण सांगा. या विहिरीसाठी अंतर किती असावं?"

मालक बसल्या जागेवरूनच बोलला, "शंभर बरोबर हाय सायेब. कुणाचंच वाईट होत न्हाई."

वस्तीच्या बाजूनं एक म्हातारी उठली. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. तिची सून माझ्या भट्टीवर विटा थापायची, मुलगा भट्टी रचायचा.

"सायेब, मीटर-बीटर मला कळत न्हाई," ती म्हणाली. "पाणी फडक्यानं गाळावं लागायलंय आन् फडकं काळं व्हायलंय. एवढंच लिव्हा."

गावाच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "मावशी, फडकं धुवावं की कवातरी!"

"तुझ्या मायकडं देते धुवायला," मावशी वळूनही न बघता म्हणाली. "उन्हाळ्यात तीच येती माझ्या विहिरीवर घागर घेऊन."

वस्तीची बाजू हसली. गावाची बाजू हसली नाही. दोन माणसं उठून उभी राहिली, तसा पोलिसानं काठी जमिनीवर टेकली. दोघं खाली बसले.

माझ्या मते बोलायला हीच वेळ होती. मी उठलो. मनात दोनशे होते. साहेब शंभरावर आहे, मालकही शंभरावर आहे. दोनशे म्हटलं तर दीडशेवर आणतील, आणि दीडशेवर त्याची भट्टी जेमतेम वाचेल. म्हणून मी चढून बोललो.

"पाचशे."

"पाचशे मीटर?" अधिकारी म्हणाला.

"व्हय. पाचशे."

"कारण काय लिहू?"

"पाणी," मी म्हणालो. "पाण्यासाठी."

आणि मी थांबलो. आता तो म्हणणार, एवढं कसं जमेल? मग मी म्हणणार, तुमी किती म्हणता? तो म्हणेल दीडशे, मी म्हणेन तीनशे, आणि दोनशेवर हात मिळवू. त्यानं मान खाली घातली. त्याचं पेन चालायला लागलं. मी ते पेन बघत होतो. ते थांबलंच नाही.

"पाचशे मीटर, पाण्याच्या रक्षणासाठी," त्यानं लिहिलेलं वाचून दाखवलं. "अजून कुणाला काही सांगायचंय?"

मी मालकाकडे पाहिलं. आता निदान यानं तरी तोंड उघडावं, भांडावं, शंभराच्या वर जाऊ देऊ नये. त्याचं तोंड उघडलंही. मग ते मिटलं आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. त्याला हिशेब लागला होता. त्याच्या फक्त चार खुंट्या होत्या. पेटती भट्टी माझी होती.

"लिव्हा सायेब, लिव्हा," तो म्हणाला. "शेठ सोत्ता म्हणायलेत. तेवढं त्यांची भट्टी किती मीटरावर हाय ते इचारा."

अधिकाऱ्यानं वर पाहिलं. "आपली भट्टी आहे?"

"हाय."

"किती अंतरावर?"

आताही मला सावरता आलं असतं. 'साहेब, दोनशे करा, बोलण्याच्या भरात जास्त बोललो' एवढं म्हणायचं होतं. लोक थोडे हसले असते, विसरले असते. मी तोंड उघडणार तोच मालक म्हणाला, "बोला की शेठ. बापावाणी मान खाली घालून कामून उभं राह्यलाव?"

त्यानंतरचं मी बोललो ते माझ्या कानांनीच ऐकलं.

"अडीचशेवर हाय! तरी पाचशेच लिव्हा! माझी भट्टी गेली तर जाऊ द्या, पण ह्याची लागू देत न्हाई. लिव्हा! आना इकडं, सही करतो."

वस्तीच्या बाजूनं टाळ्या पडल्या. पोलीस पुढं आले. त्यांना वाटलं मारामारी जुंपली. मी कागदावर सही केली. इतकी जोरात की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. तो तरुण अधिकारी खुर्चीवरून उठला, त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "स्वतःचं नुकसान करून बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परभणीला गेलो. त्याच्या कचेरीत तो एकटाच होता. मला पाहून त्याला आनंद झाला, चहा मागवला.

"साहेब, ते पाचशे जरा जास्तीच झालं," मी म्हणालो. "दोनशे करा."

"का?"

"मीच सांगितलं, मीच कमी करायलोय."

"पण कारण पाण्याचं दिलंय आपण. दोनशेवर पाणी चांगलं राहतं का?"

मग मी त्याला समजावून सांगायला लागलो, लहान पोराला सांगावं तसं. "साहेब, ती बोली असती. मी पाचशे म्हणायचं, तुमी शंभर म्हणायचं, मग दोघांनी मिळून..."

त्यानं चष्मा काढला. "मी कशाला बोली लावू? मला काय घ्यायचं होतं आपल्याकडून?"

तो थट्टा करत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. थट्टा केली असती तर भांडता आलं असतं. शेवटी तो म्हणाला, सूचना द्यायला अजून वीस दिवस आहेत. त्या विहिरीचं पाणी पिणाऱ्यांनी सही-अंगठ्यानिशी दोनशेचा अर्ज दिला, तर तो जोडता येईल. पहिला कागद फाडता येणार नाही.

म्हणजे आता सौदा मावशीशी होता. मी परत आलो तो थेट वस्तीत गेलो. मावशी दारात बसून ज्वारी पाखडत होती. आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या. कालच्या टाळ्यांमुळे मला बसायला खाट मिळाली.

"मावशी," मी म्हणालो, "सरकारचं म्हणणं शंभर हाय. आपण त्यात पन्नास चढवू. दीडशेचा अर्ज करू."

"काल पाचशे म्हणत होताव."

"ते म्हणायचं म्हणून."

तिनं सूप खाली ठेवलं. "मग आमचं हजार."

लाज वाटते सांगायला, पण माझा जीव भांड्यात पडला. अखेर कुणीतरी बोलीला बोली लावली होती.

"हजार कसं जमंल? हजारात नदीच्या पल्याड जायलंय."

"मग नऊशे."

"दोनशे. माझं शेवटचं."

"शेवटचं बोलणाऱ्याचा आवाज असा नसतो, शेठ. आठशे."

बायका हसल्या. मी खाटेवर पुढं सरकलो आणि हातातला हुकमी पत्ता टाकला. त्या विहिरीला कठडा नव्हता. आदल्या वर्षी एक शेळी आत पडली होती. "दोनशे करा, विहिरीला कठडा बांधून देतो. पक्क्या विटांचा. भोवती फरशी घालतो. चिखलात उभं राहावं लागणार न्हाई."

हसणं थांबलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, बसला सौदा. मावशी उठून आत गेली आणि घागर, फडकं आणि पातेलं घेऊन आली. तिनं पातेल्यावर फडकं धरून पाणी ओतलं, फडकं उलगडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

फडक्याच्या मधोमध काळा डाग होता.

"चुलीची राख उडाली असंल," मी म्हणालो.

"आमच्या चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या जळत्यात. हात लावून बघा."

मी बोटानं तो डाग चुरगाळला. लाकडाची राख बोटात विरते. ही विरली नाही, खरखरली. दगडी कोळशाची कणी. चौदा वर्षं मी ती बोटांनी, नाकानं, जिभेनं ओळखत आलो होतो. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर विरघळला असता, असं लोकांना वाटेल. मी चिडलो. म्हणालो, "भट्टी उठली तर तुझ्या सुनेची रोजी जाईल. पोराची जाईल. वस्तीतली आठ घरं माझ्याकडं हायत. त्यांना काय घालशील, हे फडकं?"

"ठाव हाय मला," मावशी म्हणाली. तिनं फडकं माझ्या मांडीवरून उचललं. "रातभर तेच घोळायलंय डोक्यात. पण पाणी बी तीच आठ घरं पितात."

मग दारामागून तिची सून बोलली. भट्टीवर ती कधी माझ्यासमोर चार शब्द बोलली नव्हती.

"भट्टी हलवा. माणसं हलवू नका. आमी येतो की दुसरीकडं."

"दुसरीकडं कुठं? देवगाव फाट्याकडं जागा मिळंल, तिथवर चालत येणार?"

"चालत कामून? ट्रॅक्टर पाठवा."

"नदीच्या वळणापर्यंत पाठवतो."

"वस्तीच्या तोंडाशी."

"येताना पाठवतो. जाताना चालत जा."

"दिवसभर चिखल तुडवल्यावर चालायचं? जाताना बी ट्रॅक्टर."

मी उठलो, दोन पावलं गेलो, परत आलो. "दोन्ही वेळा. पण उजाडताना. उशीर झाला तर ट्रॅक्टर थांबणार न्हाई."

"थांबावं लागत न्हाई आमच्यासाठी," ती म्हणाली.

मी चपला घातल्या तसा मावशीचा आवाज आला, "कठड्याचं बोललाव तुमी."

"ते दोनशेला बोललो होतो!"

"बोललाव तर खरं."

मी वस्तीच्या टोकापर्यंत ओरडत गेलो. काय ओरडलो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दोनशेचा अर्ज मी केला नाही. पुढं यादी छापून आली, चावडीवर चिकटवली गेली. आमच्या विहिरीपुढं पाचशे होते. शेजारच्या गावांत शंभर, कुठं दीडशे. मालकानं खुंट्या उपटल्या आणि म्हशी बांधायला गोठ्यात नेऊन ठोकल्या. तेही त्यानं मला मुद्दाम येऊन सांगितलं.

मी शेवटची भट्टी उघडली, विटा उतरवल्या आणि देवगाव फाट्याच्या वाटेवर मुरमाड जागा घेतली. तिथं नदीकाठची ती माती नाही; लांबून आणावी लागते. वीट पहिल्यासारखी लाल निघत नाही, आणि जुनी गिऱ्हाइकं हातात घेऊन ठोकून बघतात तेव्हा मला दुसरीकडे बघावं लागतं. आठांपैकी सात घरं ट्रॅक्टरनं येत राहिली. विहिरीला कठडा बांधून दिला. फरशी नाही घातली. फरशी मी दोनशेला बोललो होतो.

वस्तीतले लोक अजून म्हणतात की शेठनं आमच्या पाण्यासाठी भट्टी सोडली. मी एकदा-दोनदा खरं सांगून पाहिलं. त्यांना तो माझा मोठेपणा वाटतो. मालकावरचा राग आता थोडा निवला आहे, तो निदान माझ्यासारखाच होता. त्या चष्मेवाल्यावरचा मात्र निवत नाही. नंतरही मी दोन-तीन सुनावण्यांना गेलो, वाळूच्या एका, झाडतोडीच्या एका. अधिकारी हसून म्हणतात, "आपलं म्हणणं सांगा." मी हाताची घडी घालून मागं टेकून बसतो. म्हणतो, आधी तुमचं सांगा.